भांडणाऱ्यांना मत नाही

प्रिय एल्सबेथ,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. मागच्या वर्षीच्या एप्रिलचा शेवटचा रविवार, तुमच्या ट्रोगेनचा चौक, आणि माझा उजवा हात हवेत. त्याआधी मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, ओर्तांस आत्याच्या हातचं सूप पिऊन वाढलेला एक बरा मुलगा होतो. हात वर गेला आणि संपलं. तू वर औषधवाल्याच्या घराच्या खिडकीत बायकांच्या घोळक्यात बसली होतीस, तोंडात मधाच्या केकचा हा एवढा तुकडा. तुला वरून सगळं दिसलं असेल, पण खाली काय बोलणं झालं ते तुला कधी ऐकू आलं नाही, आणि मी आजवर लाजेनं सांगितलं नाही. आज सांगतो.

वर्षाच्या मतदानाच्या सभेसाठी चौक पुरुषांनी ठासून भरला होता. काळे कोट, काळ्या टोप्या आणि प्रत्येकाच्या कमरेला आज्या-पणज्याची तलवार. तलवार नाही त्याला दोरीच्या आत जागा नाही, हे तूच मला येताना ट्राममध्ये बजावलं होतंस. मी बापडा दोरीबाहेर टाचा उंचावून बघत होतो. तुमच्या प्रांताचा, म्हणजे कँटनचा, प्रमुख लांडामान व्यासपीठावरून एकेक ठराव विचारत होता आणि हजारो हात एकदम वर येत होते, वाऱ्यानं राईचं शेत एका अंगाला कलावं तसे. मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. माणूस आपलं मत स्वतःच्या खांद्यावर उभं करून शेजाऱ्याला दाखवतो. जिनिव्हात आम्ही लोकांच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ वाचतो. ते राज्य दिसतं कसं, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. मग मला दोरीबाहेर राहवेना. वाकून आत शिरलो आणि तुझ्या बाबांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पुलाचा ठराव आला. ‘ज्यांना मंजूर असेल त्यांनी’ एवढंच माझ्या कानांनी ऐकलं, पुढचं हातानं परस्पर ऐकलं. ना कमरेला तलवार, ना तुमच्या कँटनचा नागरिक, ना तो पूल कुठल्या ओढ्यावर आहे हे ठाऊक, आणि माझा हात वर! तुझ्या बाबांनी मागे न बघताच माझं मनगट धरलं, वासराचं शिंग धरावं तसं, आणि खाली आणलं. ‘हा हात कुठल्या गावचा?’ मी म्हटलं, ‘जिनिव्हाचा, काका.’ ‘मग जिनिव्हात जाऊन वर कर. पूल आमचा आहे. मोडला तर आम्ही पडू, तू नाही.’ शेजारचा एक म्हातारा म्हणाला, ‘असू दे रे उली, फ्रेंच बोलणाऱ्यांना हात हलवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही.’ आसपासच्या चार रांगा खदखदून हसल्या. मी वर पाहिलं तर खिडकीची चौकट धरून तूही हसत होतीस, भरल्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याआधी वर्षभर तू आमच्याच घरी राहिली होतीस, फ्रेंच शिकायला. ‘र’ घशातून काढ, गुळणी करतेस तसा काढ, म्हणून आत्या तुझ्यामागे लागायची आणि मी टेबलाच्या पलीकडून नकला करायचो. इतके दिवस तू समोर होतीस, पण मला तू दिसलीस ती त्या खिडकीत. हसं झालेल्या माणसाला सहसा पळून जावंसं वाटतं. मला त्या चौकातच घर बांधावंसं वाटलं.

पण खरा तमाशा दुपारी झाला, तुमच्या जेवणाच्या टेबलावर. त्या वेळी तू आत चीज किसत होतीस, म्हणून सांगतो. तीन आठवड्यांनी सगळ्या स्वित्झर्लंडचं मत व्हायचं होतं, राष्ट्रसंघात जायचं की नाही यावर. मी तेव्हा त्या विषयानं पेटलेला. बाबांना संघ समजावून द्यायला मी टेबलावरची सगळी भांडी हलवली. सफरचंदाच्या मुरंब्याचा मोठा वाडगा मध्ये ठेवला आणि म्हटलं, ही महासभा: देश केवढाही असो, प्रत्येकाला एक मत. बाजूला मीठदाणी, मिरीदाणी आणि मोहरीची बरणी गोळा केली: हे मंडळ. चार मोठे देश कायमचे, चार निवडून आलेले, आळीपाळीचे. भांडण पेटलं की आधी यांनी धावायचं. आणि हा पाव कापायचा सुरा म्हणजे कचेरी, कारण वर्षभर खरं काम तोच करतो. बाबा तो वेताळासारखा उलटा धरलेला पाइप ओढत शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी विचारलं, ‘आणि एक जण नाही म्हणाला तर?’ मी म्हटलं, ‘तर ठराव होत नाही. सगळ्यांचं एकमत लागतं.’ त्यांनी पाइप तोंडातून काढला. ‘सगळ्यांचं? म्हणजे आमच्या चौकात एखादा बेवडा झिंगून आडवा झाला आणि त्याचा हात वर आला नाही, तर पूल राहिला? भांडखोराला विचारून भांडण मिटवणार तुम्ही. कोल्ह्याची परवानगी घेऊन कोंबड्या राखणार.’

माझं डोकं फिरलं, आणि ते कसं फिरतं हे तुला मी सांगायला नको. मी म्हणालो, कमरेला तलवारी लटकावून पुलाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आम्हाला शांतता शिकवू नये. तुझ्या आईच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. बाबा मात्र चिडले नाहीत. म्हणाले, ‘ती म्यानातून काढायची नाही, हे रोज आठवावं म्हणून लटकावतो, वकीलसाहेब.’ यापुढे शहाण्या माणसानं गप्प बसून मॅकरोनी खाल्ली असती. मी त्याच श्वासात तुझा हात मागितला! भांडणाच्या ऐन मध्यावर, तोंड लाल, समोर मीठ सांडलेलं. तुझ्या बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू गोठ्यात शिरलेल्या पाहुण्यानं गाईलाच पत्ता विचारला. मग म्हणाले, ‘ऐक. ज्या दिवशी तुझा संघ दोन भांडणाऱ्यांचा निवाडा करेल, हरणाऱ्याला तो कडू लागेल, आणि तरी तो तलवार न उपसता घरी जाईल, त्या दिवशी ये. याच खुर्चीवर बस आणि मग विचार.’ ‘आणि तोवर?’ ‘तोवर कायदा शीक.’ मी तसाच उठलो. तू चीजची थाळी घेऊन बाहेर आलीस तेव्हा माझी खुर्ची रिकामी होती आणि कुणी तुला धड कारण सांगितलं नाही.

मे महिन्यातलं मत तुला आठवतंच. आमच्याकडे दुकानांच्या काचांवर, ट्रामच्या खांबांवर, सगळीकडे ‘होय’. मत द्यायचा हक्क नसलेली आत्या सकाळपासून शेजारच्या प्रत्येक पुरुषाला दारातून हुसकावत होती, ‘दाढी नंतर करा, आधी मत टाकून या.’ होकार आला, पण कसा, तर माणसांच्या मतांबरोबर कँटनांचीही मतं मोजतात, त्यात एक अर्ध्या मताचा कँटन जरी पलटला असता तरी गेलंच होतं. मी दिवसभर सरोवराकाठी ओरडून घसा बसवून घेतला आणि दोन दिवसांनी बाबांचं कार्ड आलं: ‘पुलाला यापेक्षा जास्त हात होते. उ. रोहनर.’ ते कार्ड मी फाडलं. पण खरं सांगू? ज्याच्याशी भांडायला मजा येते असा सासरा मिळावा, हे तेव्हापासूनच मनात बसलं.

नोव्हेंबरात संघ आमच्या गावात आला. रोमन कायद्याचा तास चालू होता. शेजाऱ्याच्या पन्हळीचं पाणी आपल्या अंगणात पडलं तर काय, या प्रश्नावर आमचे गुरुजी तिसऱ्या दिवशीही भिजत होते. तेवढ्यात जुन्या गावातल्या घंटा वाजायला लागल्या आणि मला कळलं, की चाळीसहून जास्त देशांची माणसं या घटकेला सभागृहाच्या पायऱ्या चढताहेत आणि मी इथं पन्हळीखाली बसलोय. वह्या बाकावर ठेवून निघालो, आजतागायत आणायला गेलो नाही. आत्याला सांगितलं तेव्हा ती विणत होती. मान वर न करता म्हणाली, ‘कायदा अर्धा सोडलास. म्हणजे आता तुला फक्त पळवाटा येतात.’ दुसऱ्या दिवशी मी महासभेत निरोप्या म्हणून लागलो. प्रतिनिधी चिठ्ठ्या लिहितात, मी त्या या बाकावरून त्या बाकावर पोचवतो. तू लिहिलंस, की बाबा घरात मला ‘टपालवाला’ म्हणू लागले. म्हणू देत. जगातला सगळ्यात आखूड टप्प्याचा आणि सगळ्यात लांब पल्ल्याचा टपालवाला मी होतो!

एल्सबेथ, ते सभागृह तू पाहायला हवं होतंस. देशांच्या फ्रेंच नावांप्रमाणे अकारविल्हे बसायचं, बस्स. तोफा किती आणि आरमार केवढं हे कुणी विचारत नाही. हैतीचा काळा वकील आणि त्याच्यापुढे फेटा बांधलेला हिंदुस्थानी राजा, खुर्च्या एकाच मापाच्या. प्रत्येक भाषण दोनदा व्हायचं, आधी फ्रेंचमध्ये मग इंग्रजीत, नाही तर उलट. आणि दुसऱ्या खेपेला निम्मं सभागृह सिगारेट ओढायला बाहेर. लोक हसतात या पद्धतीला. मी सांगतो, संघाची निम्मी मिटवामिटवी त्या दुसऱ्या खेपेत होते. जे दोघं आत एकमेकांकडे बघत नव्हते, त्यांतला एक बाहेर दुसऱ्याच्या काडीवर आपली सिगारेट पेटवताना मी पाहिला. दोघांच्याही बाहीवर काळी फीत होती. कुणाचा मुलगा कुणाच्या गोळीनं गेला, कोण जाणे. चार वर्षं या खंडानं पोरं कापली, आणि त्या कत्तलीतून जी शहाणपणाची एक गोष्ट निघाली ती तहाच्या कलमांतून थेट आमच्या सरोवराकाठी येऊन उतरली. उगाच नाही आली. जखमी शिपायाला शत्रूनंही पाणी द्यावं, हे आमच्याच गावानं जगाला पटवलं; इंग्लंड आणि अमेरिका जहाजाच्या तंट्यावरून हातघाईवर आले होते तेव्हा आमच्याच नगरभवनात बसून पंचांनी तो तंटा सोडवला, माझे आजोबा तेव्हा बाहेर गर्दीत उभे होते. मला गावाचा गर्व आहे, तो मी लपवत नाही. पण हेही लिहितो, की ज्याच्या डोक्यातून हा संघ निघाला त्याचाच देश, अमेरिका, आत आला नाही. त्यावर तुझ्या बाबांनी तुझ्याकरवी विचारलंच, ‘ज्यानं लग्न जमवलं तोच वऱ्हाडात नाही, हे कसलं लग्न?’ त्या पत्राला मी सात पानी उत्तर लिहिलं आणि चुलीत घातलं.

महासभा उठल्यावर मला कचेरीत घेतलं. सरोवराकाठचं जुनं हॉटेल आहे ते. अजून दारांवर खोल्यांचे आकडे आहेत आणि न्हाणीघरातल्या टबांत कागदांचे गठ्ठे. इथं नॉर्वेचा माणूस जपानी माणसाच्या शेजारी बसतो, आणि नियम असा, की इथं आलात की आपापल्या देशाचं नाही, संघाचं मीठ खायचं. मी मंडळाच्या खोलीच्या दारावर असतो. पण हिवाळा वाईट गेला. एका शहरावरून दोन शेजारी हमरीतुमरीवर आले होते. त्यांच्यामध्ये उभं राहायला संघानं निरनिराळ्या देशांचे शिपाई जमवले. जगात पहिल्यांदा शिपाई लढायला नव्हे, लढू न द्यायला निघणार होते. आणि आपल्याच सरकारनं सांगितलं, की त्यांना स्वित्झर्लंडमधून जाऊ देणार नाही, आपण तटस्थ. संघ आपल्या घरी बसवायचा आणि त्याच्या शिपायाला अंगणातून जाऊ द्यायचं नाही! मी बर्नला जाऊन ओरडणार होतो, आत्यानं माझे बूट लपवले म्हणून राहिलं. बाबांनी तेव्हा टोमणा मारला नाही. नुसतं लिहिलं, ‘वाईट झालं.’ ते मला जास्त लागलं. मग बाहेर कुठं जोर चालेना तो मी तुझ्यावर काढला. पत्रामागून पत्र: बाबा की मी, एका शब्दात सांग. तिकडे बाबाही तुला रोज जेवताना विचारत होते, तो टपालवाला की हे घर. आणि मे महिन्यात तुझं ते चार ओळींचं पत्र आलं. ‘तुम्ही दोघं माझ्यावर ठरावावर ठराव मांडताय, दोघंही हात वर करून उभे आहात. मला मत आहे की नाही, हे आधी कुणीतरी ठरवा. तोवर मी कुणालाच लिहिणार नाही.’ लिहिलं नाहीस. महिना गेला.

या जूनमध्ये ऑलंडचं प्रकरण मंडळापुढे आलं. फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रातली बेटं. राज्य फिनलंडचं, माणसं स्वीडिश बोलणारी, त्यांना जायचंय स्वीडनकडे. दोन्ही देश शिकले-सवरलेले, दोघांकडे सैन्य, दोघांचं रक्त तापलेलं. बैठकीच्या आधी दालनात मी मिस थॉर्नलीला म्हटलं, ही बाई मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त लिहिते, जीभ सुईसारखी, म्हटलं, ‘व्हायचं काय यातून? एक नाही म्हणाला की संपलं.’ ती चष्म्यावरून बघत राहिली. ‘गास्पार, तू कायद्याच्या वर्गात बसायचास की नुसता बाक गरम करायचास? संघाची सनद वाचली आहेस?’ म्हटलं, पाठ आहे. ‘मग तंटा मंडळापुढे आला तर काय, ते कलम म्हणून दाखव.’ मी म्हणायला लागलो आणि मध्येच माझी जीभ अडली. एकमत हवं, पण ते तंटा करणारे सोडून बाकीच्यांचं. भांडणाऱ्यांना मत नाही! दोघांचं म्हणणं ऐकायचं, मानानं समोर बसवायचं, पण त्यांचं ‘नाही’ मोजायचं नाही. वर्षभर तुझ्या बाबांच्या ज्या प्रश्नानं माझी झोप उडवली होती, त्याचं उत्तर मला पाठ होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी स्वतः भांडणारा होतो. ‘तोंड मिट आणि दार उघड,’ मिस थॉर्नली म्हणाली, ‘माणसं आलीत.’

मी दाराशी उभा राहून सगळं ऐकलं. बेटं फिनलंडकडे राहतील. पण बेटावरच्यांची भाषा, शाळा, जमिनी यांना हात लावायचा नाही, आणि तिथं तोफा ठेवायच्या नाहीत. निवाडा वाचून झाला. मग स्वीडनतर्फे सांगण्यात आलं, की आमच्या देशाची घोर निराशा झाली आहे, हे आम्हाला न्याय्य वाटत नाही; आणि तरीही आम्ही ते मानतो. एल्सबेथ, असं वाक्य मी कुठल्या इतिहासात वाचलेलं नाही. जिंकलेल्यानं शांतता पाळणं सोपं आहे. हरलेला देश मान ताठ ठेवून उठला, खुर्ची सरकवली, आणि बाहेर जाताना त्यांच्यातल्या एकानं दार धरून उभ्या असलेल्या मला ‘आभारी आहे’ म्हटलं. एका निरोप्याला! त्या दिवशी मला माझ्या कामाचा, माझ्या गावाचा, त्या उत्तरेकडच्या अनोळखी लोकांचा असा अभिमान वाटला, की मी टोपी घातली आणि थेट स्टेशनाकडे निघालो. मिस थॉर्नलीनं मागून विचारलं, ‘कुठं?’ म्हटलं, ‘एका खुर्चीवर बसायला.’

तर हे पत्र मी जिनिव्हातून लिहीत नाही. तुझ्या घरातून, त्याच टेबलावरून लिहितोय. तू सेंट गॅलनला गेली आहेस, ट्रामनं परत येशील, असं तुझी आई म्हणाली आणि तिनं हा कागद पुढे केला. बाबांना मी बेटांचं सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘आणि स्वीडन गुपचूप घरी गेला?’ म्हटलं, ‘गुपचूप नाही, काका. बोलून गेला. पण गेला.’ त्यांनी विझलेला पाइप टेबलावर ठेवला. मग त्यांनी खुर्ची पायानं पुढे ढकलली. ‘दिला शब्द. बस. विचार.’ मी बसलो नाही. मी म्हटलं, की आता मला नियम कळलाय. एल्सबेथच्या आयुष्याचा तंटा तुमच्यात आणि माझ्यात आहे, म्हणजे तंटा करणारे आपण दोघं. मग आपल्यापैकी कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि कुणी होकारही द्यायचा नाही. मला वाटलं, आता मनगट धरतात. ते म्हणाले, ‘तुमचे ते भांडणारे खोलीतच बसून होते? चूक केली. आमच्या गावपंचायतीत मेव्हण्याच्या कुंपणाचा विषय निघाला तरी माणूस टोपी घेऊन बाहेर जातो. आतलं अक्षर त्याच्या कानावर येता कामा नये.’ आणि उठले, खुंटीवरची टोपी काढली, आणि खरंच गेले. खिडकीतून दिसताहेत. लाकडांच्या ढिगापाशी पाठ करून उभे आहेत, इतके ताठ, की जणू त्यांच्यावर लांडामानाची नजर आहे. मला त्यांचाही अभिमान वाटतो आज, हे त्यांना सांगू नकोस. आता उरलीस तू. ज्या चौकात तुला हात वर करता येत नाही त्या चौकाच्या गावात, ज्या देशात तुला मत नाही त्या देशात, या खोलीत आज एकटं तुझं मत आहे आणि तेच एकमत. माझ्याशी लग्न करून जिनिव्हाला ये. किंवा येऊ नकोस. किंवा ये आणि लग्न करू नकोस, कारण सनदेत लिहिलंय, की कचेरीतली प्रत्येक जागा बाईला आणि पुरुषाला सारखीच खुली, आणि मिस थॉर्नलीला जर्मन-फ्रेंच दोन्ही येणारी मुलगी हवी आहे. ती जागा माझ्या नावाला बांधलेली नाही. तू काहीही ठरवलंस, मला कितीही कडू लागलं, तरी मी बोलून जाईन, पण जाईन. आई चुलीपाशी आहे. ती म्हणते ती साक्षीदार, बोलणार नाही. ट्राम आल्याची घंटा झाली. टाक ठेवतो, टोपी घेतो, बाहेर बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि हे दार आपल्यामागे ओढून घेतो.

तू म्हणशील तसा, तरीही तुझाच,
गास्पार